रुमालाखालची मुलाखत

देवमन म्हणजे माह्या धाकट्या बहिणीचा, अंजनाचा नवरा. माणूस सरळ. इतका सरळ का त्याच्यासंग दिवसभर राह्यलं तं डोकं दुखते. कारंजाले कापसाच्या एका अडत दुकानात होता. शेतकऱ्यानं माल आणाचा, अडत्यानं तो व्यापाऱ्याले विकून द्याचा, अन् मधात भाव बांधाचं काम देवमनचं. हा भाव तोंडानं बोलत नसत. दोघायच्या हातावर रुमाल टाकाचा अन् खाली बोटं दाबाची. बाजूच्याले पत्ता लागत नाई. हात सुटला म्हणजे सौदा पक्का, मंग बाप आला तरी फिरत नाई. देवमन शेतकऱ्याकडून हात घाले, अन् त्याच्या हातात आपला भाव पडला असं कोणी म्हणे नाई.

मंग सरकारनं कापूस सोताच घ्याले सुरुवात केली. शेटजीनं अडत बंद केली. देवमन अन् अंजना एक पेटी अन् चार भांडे घेऊन आमच्या रिठदले आले. म्हणे, आठ दिवस. म्या म्हटलं, राहा ना. दिवाळी झाली, संक्रांत झाली. माही बायको प्रयाग जात्यावर दाय भरडता भरडता म्हणे, "पहिल्या दिशी पाहुणा, दुसऱ्या दिशी पई, तिसऱ्या दिशी राही त्याची अक्कल जाई." जातं मोठ्यानं वाजे, पण प्रयाग त्याच्याहून मोठी वाजे. अंजना मान खाली घालून भाकरी थापत राहे. माह्या जिवाले लागे ते. पण प्रयागले तरी काय म्हणाव? तिचंही खोटं नोतं.

तेवढ्यात कळलं का वाशीमच्या एका दालमिलले घरचा खरेदीवाला पायजे. पक्की नोकरी, वरतून राहाले खोली. खोलीचं ऐकलं अन् अंजनानं त्याच दिशी आपले भांडे पोत्यात भरले. म्या म्हटलं, "अवं बाई, मुलाखत तं होऊ दे." ते म्हणे, "भरून ठेवते. मोकयं कराले काय लागते?"

माही तूर निंघाली होतीच. ते गाडीत भरली अन् देवमनले वर बसवलं. म्या हिशोब केला, एका खेपेत तूरही जाईन अन् जवाईही जाईन.

मिलचा मॅनेजर पुण्याकडचा. त्याच्या हापिसची खिडकी फाटकावर उघडे, म्हणून मी गाडीपाशी उभा राहून सारं ऐकून राह्यलो होतो.

"जुनी जागा का सोडलीत?"

"म्या नाई सोडली जी. जागाच गेली."

"आजवर तुम्ही दलालीत होतात. आता फक्त आमच्या मिलसाठी खरेदी करायची. माल स्वस्तात मिळाला पाहिजे. जमेल?"

"माल पाहून सांगतो," देवमन म्हणे.

म्या कपाळावर हात मारला. अबे, हो म्हन ना! हो म्हणाले काय पैसे पडतात?

मॅनेजरनं खिडकीतून माह्याकडं बोट दाखवलं. "तो गाडीवाला आहे ना, त्याची तूर घेऊन दाखवा. फाटकावर अजून रुमालाखालीच भाव ठरतात म्हणे. बघू तरी."

"साहेब, तो माहा —"

"बोलू नका हो. करून दाखवा."

झालं. दोघंही बाह्यर आले. देवमननं तूर मुठीत घेतली, एक दाणा दाताखाली फोडला, माह्या हातावर रुमाल टाकला अन् भाव दाबला. चांगला भाव होता. म्या मनात म्हटलं, आज तूर मातीमोल गेली तरी चालन, पण याले नोकरी लागली पायजे. म्या दोन रुपये कमी दाबले. त्यानं डोये वटारले अन् एक रुपया वाढवला. म्या आनखी कमी केला. त्यानं आनखी वाढवला. विकणारा उतरून राह्यला अन् घेणारा चढून राह्यला, असा सौदा वाशीमात कोणी केला नसन. म्या त्याले नख मारलं. तो आभायाकडं पाहे. मॅनेजर म्हणे, "वा! घासाघीस जोरात आहे."

शेवटी देवमन हात सोडाले लागला. म्या घट्ट धरला. त्यानं दुसऱ्या हातानं माही एकेक बोट उकललं, रुमाल झटकला, अन् सगळ्यात वरचा भाव मोठ्यानं सांगतला.

मॅनेजरचं तोंड उतरलं. "हा तर बाजारापेक्षा जास्त आहे! तुम्ही मिलचे की या शेतकऱ्याचे?"

"तुमी मले अजून ठेवलं कुठं, साहेब? आज सांजेपावतर मी याच्याच घरचं खातो. हा माहा साळा होय. मी तेच सांगून राह्यलो होतो." देवमननं रुमालाची घडी घातली. "अन् माल तितक्याचा हाये."

माहा धीर सुटला. "साहेब, मी कमीत देतो! पाच रुपये कमी घ्या, पण याले ठेवा!"

"पुंजाजी," देवमन मले म्हणे, "हात सुटला."

मॅनेजर चष्मा पुसत म्हणे, "कळवतो आम्ही." तूर मोजली, त्याच भावानं पैसे देल्ले. ते कळवणं अजून आलं नाई.

वापस येता येता म्या तोंडाचा पट्टा सोडला. "जवाई, तुमाले अक्कल हाये का नाई? मी उतरून राह्यलो होतो ना! तुमी काहून चढले?" राग इतका आला होता का बैलाले उगाच दोन चाबूक बसले. रागाच्या खाली दुसरंही काई होतं.

अंजना दारातच उभी होती. मांगं ते भांड्याचं पोतं.

"लागली का?" ते म्हणे.

"नाई," देवमन म्हणे, अन् बैल सोडाले गेला.

म्या तिले सारं सांगतलं. ऐकून झाल्यावर अंजनानं पोत्याची गाठ सोडली अन् एकेक भांडं काढून चुलीपाशी मांडलं. प्रयाग पाहत राह्यली.

"बरं झालं," अंजना म्हणे. "माह्या भावाच्या तुरीले कमी भाव बांधून आले असते, तं मी घरात घेतलं नसतं त्याहिले."

घर माहं होतं. पण हे बोलाची माही हिंमत झाली नाई.