रडायच्या वेळी हलणारा पाय

वालूरहून माझी पाठवणी झाली तेव्हा अख्खी गल्ली रडत होती आणि माझा उजवा पाय ताल धरत होता. जीप दारात उभी. आत्या गळ्यात पडून हंबरडा फोडतेय, आणि माझे कान मांडवाच्या कोपऱ्यातल्या ताशेवाल्याकडं. काय वाजवत होता मेला! तव्यावर तीळ तडतडावेत तसं. लुगड्याखालून पाय दिसतोय हे या बाईसाहेबांना कुठलं कळायला! आईनं दंडाला कचकचून चिमटा काढला. "अगं रड की बये! लोक बघायलेत अन् तू पाय हालवायलीस." मग आलं रडू. बाया म्हणाल्या, पोरगी लय मायाळू हाय.

असं हे रत्न गंगाखेडला नांदायला गेलं. तिथं ताशा नव्हता, पण परात होती. भाकरी थापताना मी असा ठेका धरायची की स्वतःला मोठी कलावंत समजायची. भाकरी मात्र एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटकी. सासूबाई ओसरीवरून विचारायच्या, "भाकर करायलीस का वरात काढायलीस?" हळूहळू हात गप्प झाले. भाकरी गोल व्हायला लागल्या.

मालक गेल्यावर लेकानं मला पुण्याला आणलं. मी घरात शिरले आणि माझ्यापायी नातीचा ड्रमसेट घराबाहेर पडला. सई कानठळ्या बसवणाऱ्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. तिची खोली मला मिळाली. लेक म्हणाला, "आईला आवाज सोसायचा नाही." ड्रम मित्राच्या गॅरेजात गेले. मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. नव्या नवरीसारखी गप्प. पुढं गॅरेज रिकामं करायची वेळ आली, तेव्हा ड्रम विकूनच टाकू असं घरात ठरत आलं. सई दुपारी माझ्याशेजारी बसून उशीवर काड्या आपटायची. त्या उशीकडं बघून मला माझी परात आठवली.

म्हटलं, "विकायच्या आधी मला एकदा ऐकव तरी."

तिनं कार्यक्रमाला नेलं. सगळी पोरं उभी, मला एकटीला प्लॅस्टिकची खुर्ची. गिटारवाले डरकाळ्या फोडायला लागले, मागं सई घामाघूम. मी वाट बघतेय, गाणारा येईना. एक झालं, दुसरं झालं, तरी येईना. मला बिचाऱ्यांची दया आली. मधल्या वेळेत सईला हळूच विचारलं, "गाणाऱ्याची एसटी चुकली का गं?"

"आजी, गाणारा नाहीच आहे. आम्ही नुसतं वाजवतो."

पुढच्या तुकड्याला मी मांडीवर ताल धरला, तर दर खेपेला शेवटी एक घास कमी पडायला लागला. नंतर सई म्हणाली, "ते सात मात्रांचं आहे, आजी. आठवी नाहीच."

"गाणारा न्हाई, आठवी मात्रा न्हाई, मंग हाय काय तुमच्यात?"

"ड्रमर आहे की!" असं म्हणून ती हसली. मी पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा खरं हसली.

आणि खरंच होती. गिटारवाले उधळले की हिचे पाय त्यांना दावणीला बांधून ठेवायचे. डावा हात मध्येच अशा हलक्या टिचक्या मारायचा की कान देणाऱ्यालाच ऐकू याव्यात. झांज दणकन वाजवून लगेच मुठीत धरून अशी गप्प करायची, की मला सासूबाईच आठवल्या.

घरी येऊन लेकाला सांगितलं, "ड्रम माझ्या खोलीत आण."

"आई, तुला झोप लागायची नाही."

"तुझ्या बापाच्या घोरण्यात जन्म काढलाय मी. त्याला तर तालही नव्हता."

आता पलंगाशेजारी ड्रम आहेत. शेजाऱ्यांसाठी त्यांच्यावर रबरी गाद्या घातल्यात. मोठ्या ड्रमावर मी औषधं ठेवते. सई वाजवायला बसली की डबीत गोळ्या नाचतात. फोनवर आम्ही देशोदेशीचे ड्रमर बघतो. कुणी उगाच सुटला की मी म्हणते, "ह्यो नुसता पळायलाय. थांबायचं कुठं ते कळंना ह्याला." सई म्हणते, बरोबर. मग मी दिवसभर ऐटीत.

वालूरच्या बायांनो, तुम्ही फोनवर विचारता, तुझं घर आता कुठलं गं? आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, तुम्हालाही कुणीतरी विचारतच असेल. मला उत्तर येत नव्हतं. मागच्या महिन्यात तुमच्याकडंच यायला निघाले. गाडी खाली उभी, लेक पिशव्या उचलतोय. सईनं त्या दिवशी रबरी गाद्या काढल्या आणि दारं उघडी टाकून वाजवायला बसली. तेच, सात मात्रांचं.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. उजवा पाय हलायला लागला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

लेक म्हणाला, "अगं, पंधरा दिवसांत परत यायचंय. रडतेस काय?"

या वेळी कुणी चिमटाही काढला नव्हता.