भर दुष्काळातली लागवड

"आवो महानंदाताई, तुमच्या मालकाला आवरा! आमी इथं एकेका कळशीसाठी भांडून राहिलो, अन् हे बाबा गच्चीवर बसून डोक्यावर पाणी मारून राहिलेत!"

गल्लीत नगरपालिकेचा टँकर आला होता आणि त्याच्या टपावर चढून आमचे शेजारी गुरुनाथअप्पा ओरडत होते. अप्पांचा आवाज असा, की त्यांनी उदगिरात खाकरलं तर शिरूर अनंतपाळात म्हशी दूध चोरतात. खाली पन्नास माणसं, दीडशे घागरी आणि एक पाइप. सगळ्यांच्या माना एकाच वेळी आमच्या गच्चीकडे वळल्या.

गच्चीवर डोक्यावर पाणी मारणारा तो इसम मी होतो.

आता खुलासा करतो. तीन दिवसांपूर्वी मी नांदेडला जाऊन केस लावून आलो होतो. मानेवरचे केस मुळासकट उपटायचे आणि कपाळाच्या वर, जिथं वीस वर्षांपासून काही उगवलं नव्हतं तिथं, एकेक टोचून लावायचे. सात तास मी पालथा, मग उताणा पडून होतो. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, दर अर्ध्या तासाला फवारा मारा, लावलेलं सुकू देऊ नका. धरण आटलं होतं, विहिरी आटल्या होत्या, टँकर दहा दिवसांनी येत होता, आणि अख्ख्या तालुक्यात पाण्याची नियमित पाळी मिळणारी एकच जमीन होती. माझं डोकं!

(आणि ते गल्लीचं पाणी नव्हतंच. दवाखान्यातलं सलाईन होतं. पण टँकरच्या टपावरून हे कसं कळावं?)

हे सगळं मी कशासाठी केलं, तेही सांगतो. माझं दुकान पाण्याच्या टाक्यांचं आणि ड्रमांचं. एक दिवस एक गिऱ्हाईक टाकीत हात घालून म्हणालं, "आतून खरबडीत हाय. शेवाळ धरंल." मी काही बोलायच्या आत आमचा नोकर माझ्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, आमच्या शेठच्या डोक्याएवढी गुळगुळीत पाहिजे का? मग ती भारीतली घ्या." गिऱ्हाइकानं माझं डोकं नीट बघितलं, मान हलवली आणि भारीतली घेतली. विक्री झाली, पण मी त्या रात्री जेवलो नाही.

त्या साली अख्ख्या तालुक्याचं सगळं वाळलं आणि माझं दुकान तेवढं हिरवं झालं. ज्याच्याकडे पाणी नव्हतं तो प्रत्येक जण पाणी आल्यावर साठवायला ड्रम नेत होता. ते पैसे घेताना मला थोडी लाज वाटायची. मग त्या लाजेचं काय करावं? मी ती डोक्यात लावून आलो.

तर गच्चीवर मी, हातात फवारा, आणि खाली पन्नास माणसं. महानंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दारातून वर बघत डोळ्यांनीच म्हणाली, आता तुमचं तुमी निस्तरा. कपडे इस्त्री करायचा तो फवारा मी पाठीमागे लपवला आणि तोंडाला येईल ते बोललो.

"गाठ, अप्पा! डोक्यात गाठ निघाली माझ्या! आपरेशन झालंय!"

गल्ली एकदम गप्प झाली. इतकी, की टँकरची गळती ऐकू यायला लागली. (तिच्याखाली कोणी तरी ताबडतोब तांब्या लावला. शांतता शांततेच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी.)

अप्पा टपावरून उतरले आणि भरलेली स्वतःची पहिली कळशी उचलून आमच्या दारात आणून ठेवली. "माफ करा ताई. लई वंगाळ बोललो. ह्यांच्या डोक्याला ठेवा."

मी गच्चीवरून ओरडलो, "अप्पा, नको!" पण माझा आवाज म्हणजे नुकत्याच डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा आवाज. त्याला कोण विचारतो?

त्याच दिवशी संध्याकाळी माझं कपाळ सुजलं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, की सूज खाली उतरेल, घाबरू नका. सकाळपर्यंत ती डोळ्यांवर उतरली. आरशात बघितलं तर भिजत घातलेल्या चिंचोक्यासारखे दोन डोळे. आता तर कोणाला शंकाच उरली नाही. बातमी धर्माबादच्या साडूपर्यंत गेली, तिथून फिरून परत आली तेव्हा गाठीच्या दोन गाठी झालेल्या होत्या आणि मला माणसं ओळखू येत नव्हती.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला मोकळ्या हातानं जात नाहीत. एरवी केळी नेतात, बिस्किटाचा पुडा नेतात. पण त्या वर्षी घरोघरी एकच वस्तू अशी होती, जी दिली म्हणजे खरंच काही दिलं. लोक पाणी घेऊन यायला लागले.

कोणी तांब्या, कोणी कॅन, कोणी कोल्ड्रिंकच्या बाटल्या. समोरच्या शिक्षिकाबाईंनी कुकरमध्ये उकळून, गाळून, फडकं बांधून आणलं. आमच्या उदगीरचा जिल्हा व्हावा म्हणून अप्पा गेली कित्येक वर्षं चळवळीत. तहसीलसमोर त्यांचं साखळी उपोषण चालू होतं. तिथल्या मांडवातून ते बाटल्यांचं अख्खं खोकं घेऊन आले.

"अप्पा, हे उपोषणवाल्यांचं पाणी हाय!"

"असू द्या. जिल्हा काय, पुढल्या वर्षी बी होईल. तुमी राहिलं पाहिजे."

मी उशीला टेकून, पंचेचाळीस अंशात बसून होतो. (आडवं झोपायची मनाई.) डोक्यावर दवाखान्यानं दिलेली सैल टोपी. अप्पांनी माझा हात हातात घेतला आणि ते चक्क रडले. जिल्ह्यासाठी एवढी वर्षं घसा फोडणारा माणूस माझ्या टकलासाठी रडत होता! मी म्हणालो, "अप्पा, मला एक सांगायचंय." ते म्हणाले, "बोलू नका. डोक्यावर ताण येतो."

तिसऱ्या दिवशी सलाईन संपलं, फवाऱ्यात भेटीचं पाणी गेलं आणि महानंदानं घर मोजलं. "दुकानात दोनशे ड्रम रिकामे पडलेत अन् आपल्या घरात सतरा भांडी भरल्यात. आवो, सांगून टाका की! मला दारात उभं राहायची शरम वाटतीय."

"काय सांगू? तुमचं पाणी मी केसांना घातलं म्हणून?"

"मग घालू नका."

"मग केस मरतील."

तिनं सतरा भांड्यांवर झाकणं ठेवली.

सांगणारच होतो. खरंच! पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आत्या आली.

काशीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यात राहते, दोन एकर शेत आहे, वय पंचाहत्तरीचं, आणि तिच्यासमोर मी आजवर एकदाच खोटं बोललो होतो, ते चौथीत. (त्याचा वळ अजून थंडीत दुखतो.) ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या कडेवर पाच लिटरचा कॅन होता. लहान लेकरू घ्यावं तसा. एसटीत पूर्ण वेळ मांडीवर धरून आणला होता.

"आत्या, हे कशाला?"

"डागदरनं डोकं वलं ठेवाय सांगितलंय म्हणं. आमच्याकडं टँकर येतो, मानशी एक घागर देतेत."

"अन् तू काय पितीस?"

"मला म्हातारीला कितीक लागतंय?"

मग तिनं कनवटीची विभूती काढली. पूर्वी हा मोठा सोहळा असायचा, कारण माझं कपाळ जवळजवळ मानेपर्यंत जायचं आणि विभूतीचे पट्टे कुठं थांबवायचे हा आत्याला प्रश्न पडायचा. आता तिची तीन बोटं टोपीकडे निघाली आणि मी अशी किंकाळी फोडली, की भिंतीपलीकडून अप्पांनी "महादेवा!" म्हटलेलं ऐकू आलं.

"हात लावायचा न्हाई, आत्या! डॉक्टरनं मना केलंय!"

आत्यानं बोटं मागे घेतली. विभूती माझ्या गळ्याला लावली, दोन्ही दंडांना लावली, उरलेली दोन्ही कानांच्या पाळ्यांना लावली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला बसली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. चौथीतला वळ ठणकत होता. तोंड उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. त्या दिवशी कोणी मला बघितलं असतं तर म्हटलं असतं, गाठ जबड्यात उतरली.

आत्या दर दोन दिवसांनी यायला लागली. दर वेळी कॅन कडेवर.

दहाव्या दिवशी खपल्या धुवायच्या होत्या. लावलेल्या प्रत्येक केसाच्या बुडाशी एक खपली, ती भिजवून, साबण लावून, हलक्या धारेनं सोडवायची. महानंदाला नेमका ताप. मोरीत मी पाटावर बसलो आणि मागून आत्याचा आवाज आला, "टोपी काढ."

"मी घेतो माझं मी."

"काढ म्हणते ना."

मी टोपी काढली आणि डोळे मिटले. आता विचारेल. आता ओरडेल. आता पाठीत एक बसेल आणि चौथीचा हिशेब पूर्ण होईल. पण नुसतं पाणी पडलं. तिनं तांब्या तिरका धरून अशी बारीक धार सोडली, की एक थेंब कानावर ओघळला नाही. पुढून मागे, ओळीनं. थांबायची, मुरू द्यायची, परत सोडायची. तिच्याच घागरीतलं पाणी, तिच्याच हातानं. पाच लिटरच्या कॅनमधलं तिनं अर्धंच वापरलं आणि खाली सांडलेलं घमेल्यात धरून दारातल्या तुळशीला घातलं.

पुसलं, टोपी घातली, "संध्याकाळची यष्टी हाय," म्हणाली आणि गेली. मी मोरीत बसूनच राहिलो. लोकांना वाटलं, चक्कर आली.

आणि महिन्याभरानं सगळे केस गळाले!

डॉक्टर फोनवर म्हणाले, "गळणारच. आधी गळतात, मग येतात. चार-आठ महिने धीर धरा." अप्पा जिल्ह्याबद्दल अगदी हेच सांगायचे. सकाळी अप्पा पेपर उघडून जिल्हा शोधायचे आणि मी आरसा उघडून केस. दोघंही चष्मा पुसायचो आणि कामाला लागायचो. तोवर मी "बरा" झालो होतो. गल्लीनं माझ्या नावानं महादेवाला अभिषेक घातला. (तोही पाण्याचाच, पण थेंबभर. देवानं परिस्थिती समजून घेतली.)

मग पाऊस आला. धो धो म्हणावा असा नाही, पण आला. त्याच्यामागून, आठव्या महिन्यात, माझ्या डोक्यावरही काहीतरी आलं. दाट म्हणता येणार नाही, नाही असंही म्हणता येणार नाही. उन्हात तिरकं उभं राहिलं तर सावली पडते. गल्लीला ते दिसलं. अप्पांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "गाठीच्या औषधानं केस येतेत का हो? आमच्या मेव्हण्याला बी सांगतो." मी त्यांना घरात बसवलं, चहा पाजला आणि सगळं खरं सांगितलं. अप्पांनी बशी खाली ठेवली. जिल्ह्याच्या चळवळीतला माणूस, घोषणा देईल असं वाटलं. "ते खोकं," ते हळूच म्हणाले, "वीस बाटल्यांचं होतं." तेवढं बोलून उठले आणि पंधरा दिवस बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानाबाहेर भरलेली टाकी ठेवली, कोणीही यावं, पाणी प्यावं. पावसाळ्यात! लोक छत्री धरून जाताना तिच्याकडे बघायचे आणि माझ्या डोक्याकडे बघायचे.

आत्याला सांगणं तेवढं राहिलं होतं. मी वीस लिटरचा कॅन भरला आणि एसटीत बसलो. बाहेर पाऊस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डबकी, आणि माझ्या मांडीवर पाणी. कंडक्टर म्हणाला, "शेठ, तिकडं पाणी न्हाई का?" मी म्हणालो, "तिकडचंच हाय. परत द्यायला चाललोय." त्यानं माझ्या डोक्याकडे बघितलं आणि घंटी वाजवली.

आत्या वाफ्यात कांद्याची रोपं लावत होती. चिखलात गुडघ्यावर, ओळीनं, वीतभर अंतर सोडून. मी कॅन बांधावर ठेवला, टोपी काढली आणि एका दमात बोलून टाकलं. "आत्या, गाठ नव्हती. केस लावले होते. तू तहानलेली राहून मला पाणी आणलंस, अन् मी ते केसांना घातलं. मार मला."

आत्यानं हातातलं रोप आधी लावलं. त्याच्या बुडाला माती दाबली.

"ठावं हाय की. मोरीत टोपी काढलीस तवाच दिसलं. आपरेशन कुठं असं ओळीनं करतेत का? जन्म गेला माझा रोपं लावण्यात."

"मग... मग त्याच्यानंतर बी पाणी घातलंस? मधी चार येळा कॅन घेऊन आलीस! कशाला?"

तिनं पुढचं रोप उचललं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"लावलंय म्हटल्यावर पाणी नको व्हय घालायला?"