मंडपवाल्याचा ट्रक आणि अर्ध्यावरचा काटा

ती घटना आठवली की आजही माझे डोके सणकते. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. तिथे निदान राग कोणावर काढायचा हे ठरलेले असते. या प्रकरणात मात्र चोरापेक्षा फिर्यादीवरच माझा जीव जास्त जळला.

तेव्हा मी शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारे एक शेठ राहत. त्यांच्या दोन गाड्या होत्या. बांबू, कापड आणि खुर्च्या नेण्यासाठी ट्रक, आणि साऊंडचे सामान नेण्यासाठी कॅम्पर, म्हणजे पुढे दोन ओळींची केबिन आणि मागे हौदा असलेली पिकअप. हौद्यावर पत्र्याचे झाकण बसवून त्याला भले दणकट कुलूप लावलेले होते. त्या कुलपाची किल्ली मात्र कॅम्परच्याच डॅशबोर्डात असायची. का, तर "घाईत सापडत नाय साहेब."

दिवाळीनंतर कॅम्परमधून बॅटरी गेली. पुढे जनरेटरची केबल गेली, मग ॲम्प्लिफायर गेला. काच फुटलेली नाही, दरवाजावर ओरखडा नाही, कुलूप जागच्या जागी. मी स्वतः जागा पाहायला गेलो. आवारात कॅमेरा होता, पण त्याच्यासमोर शेठच्याच वाढदिवसाचा शुभेच्छा फलक बांधलेला. चार महिने त्या कॅमेऱ्याने फलकाची मागची बाजू तेवढी टिपली होती. ट्रकला जीपीएस होते, त्याचा रिचार्ज संपलेला.

मी शेठना उभ्या उभ्या सांगितले. फलक काढा, रिचार्ज मारा, दोन्ही गाड्यांना गिअर लॉक बसवा, सामानाच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा, आणि जादा चाव्या कुठे आहेत ते आज घरी जाऊन डोळ्यांनी पाहा. मला कामे एकाखाली एक लावायची सवय आहे आणि झालेल्या कामावर फुली मारल्याशिवाय चैन पडत नाही. शेठ प्रत्येक वाक्याला "हो साहेब, हो साहेब" म्हणाले. पुढच्या वेळी पाहिले तर फुली मारण्यासारखे एकही काम झालेले नव्हते. फलक मात्र बदलला होता. आता शेठच्या मुलाचा वाढदिवस होता.

लग्नसराईतल्या एका सकाळी ते ठाण्यात धावत आले. "साहेब, आख्खा ट्रक गेला! भरलेला! उद्या लग्न हाय, हळदीचा मंडप पण त्यातच."

ठाणे अंमलदाराने त्यांना बसवून पाणी दिले. पाणी संपण्याच्या आत त्यांनी आरोपीही सांगून टाकला. "ड्रायव्हर. दुसरा कोण असणार? चावी त्याच्याकडं. आणि बरोबर कालच भाच्याच्या बारशाला सुट्टी घेऊन गेला."

ड्रायव्हर खर्डीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, शेठकडे कित्येक वर्षे काम करणारा.

"त्याला फोन केलात?"

"फोन कशाला, आमी घरीच जाऊन आलो. चार पोरं घेऊन. सगळं घर बघितलं, काय सापडलं नाय."

मी कपाळावर हात मारला. ट्रक चोरीला गेला म्हणून हा माणूस एका गरिबाच्या घरात भांडी उचकून आला होता. ट्रक काय मडक्यात सापडणार होता? मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले की पुन्हा असे केलेत तर तुमच्यावरच गुन्हा नोंदवीन. मग अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल करून घेतला आणि ट्रकचे वर्णन नियंत्रण कक्षाला कळवले. कसाऱ्याच्या दिशेने नाकाबंदीही लावली.

ड्रायव्हर आपण होऊन ठाण्यात आला. चाळिशीतला, काटक, बोलायला सावकाश. टेबलावर चावी ठेवली आणि उभाच राहिला.

"बस."

"बसत नाय साहेब. आधी ल्हून घ्या. माझ्या आईसमोर मला चोर बोल्ला शेठ. बारशाची पाव्हनी बसली व्हती. आख्खा पाडा बघत व्हता. आता मला गाडी कोन देल? भाच्याचं नाव ठेवलं आनि माझं घालवलं."

मी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. कधी निघालास, कोणासोबत होतास, चावी कोणाला दिली होतीस का. उत्तरे सरळ होती आणि तपासता येण्यासारखी होती. खोटे बोलणारा माणूस उत्तराबरोबर न विचारलेली कारणेही देतो. याने एकही दिले नाही. पण एवढ्यावरून कोणाला सोडता येत नाही, म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवले. शेठ व्हरांड्यातून त्याच्याकडे असे पाहत होते की जणू ट्रक त्याच्या खिशातच होता.

दुपारी भातसानगरहून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. धरणाच्या वसाहतीकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याला झाडाखाली बांबूने भरलेला ट्रक उभा होता आणि सकाळपासून त्याच्याकडे कोणी फिरकले नव्हते. मी पंच आणि गुन्हे शोधणाऱ्या डी. बी. पथकाचे दोन अंमलदार घेऊन निघालो. ट्रक तोच होता. सामान जसेच्या तसे होते. काच शाबूत, वायरी शाबूत, म्हणजे गाडी चावीनेच नेलेली. हायवेवरचे कॅमेरे टाळण्यासाठी चोर आतून आला होता आणि इथे गाडी बंद पडली होती.

पंचनामा लिहिताना अंमलदार म्हणाला, "साहेब, टाकी कोरडी आहे, पण काटा अर्ध्यावर दाखवतोय."

मी ते लिहून घ्यायला सांगितले आणि कोणाकडेही बोलू नका अशी ताकीद दिली. ठाण्यात परतल्यावर ड्रायव्हरला एकट्याला आत घेतले.

"ट्रकच्या डिझेलचा काटा कसा आहे?"

इतक्या वेळात तो पहिल्यांदा हसला. "त्यो? त्यो पावसाळ्यापास्नं अर्ध्यावरच हाय. भरा, नायतर रिकामी करा. शेठला सांगून सांगून दमलो. मी किलोमीटर बघून डिझेल भरतो. काल थोडंच व्हतं, आज सकाळी भरनार व्हतो."

माझ्यापुरता ड्रायव्हर तिथेच सुटला. टाकी रिकामी होत आली आहे हे ठाऊक असलेला माणूस भरलेला ट्रक चोरून आडरानात अडकत नाही. चोराकडे चावी होती, पण त्या काट्याची खोड त्याला माहीत नव्हती. आता प्रश्न दुसऱ्या चावीचा होता.

"दुसरी चावी कपाटात," शेठ ठासून म्हणाले.

"पाहिलीत?"

"बघायची काय गरज? कपाटातच असते."

मी त्यांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. कपाटात चावी नव्हती. शेठच्या बायकोने पदराला हात पुसत विचारले, "कुठली, दसऱ्याला पूजेत ठेवली ती?"

मग सगळे बाहेर आले. दसऱ्याला गाड्या धुऊन हार घालतात आणि चाव्या देवापुढे ठेवतात. या घरात दोन्ही गाड्यांच्या, नेहमीच्या आणि जादा, अशा सगळ्या चाव्या पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावले होते. दिवसभर दार उघडे, गाव सोने द्यायला येत-जात होते. दुसऱ्या दिवशी पूजा उचलताना पाटावर जादा चाव्या नव्हत्या. बाईंना वाटले यजमानांनी उचलल्या. शेठना वाटले बायकोने कपाटात ठेवल्या. दसऱ्यापासून लग्नसराईपर्यंत दोघांनी एकमेकांना एका शब्दाने विचारले नव्हते. मध्ये कॅम्पर तीनदा साफ झाली, तरी नाही!

"पूजेजवळ कोण बसले होते?"

"आख्खं गाव आलतं साहेब," शेठ म्हणाले.

"आलेले लोक नकोत. बसून कोण होते?"

बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "माझा भाऊ. पानसुपारी त्योच देत होता."

हा भाऊ बहिणीकडेच राहायचा आणि मंडपाच्या ऑर्डरी घ्यायचा. मी त्याला साक्षीदार म्हणूनच ठाण्यात बोलावले. इस्त्रीचा शर्ट, बोलणे गोड. शेठ शेजारी बसून म्हणत होते, "ह्याला कशाला त्रास साहेब, घरचा मानूस हाय."

मी त्याला सहज विचारले, "तुम्ही ट्रक चालवता का?"

"छे छे साहेब. मी फक्त ऑर्डर बघतो. ट्रकमध्ये कधी चढलोपण नाही. डिझेलचा वाससुद्धा सहन होत नाही मला."

हा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, त्याची सही घेतली. मग चहा मागवला आणि मी आवरते घेतल्यासारखे बोललो, "चला, ट्रक तर मिळाला. चोराचेच नशीब फुटके. डिझेल संपून बंद पडला."

"डिझेल कसं संपेल?" तो पटकन म्हणाला. "अर्धी टाकी तर होती!"

त्याच्या आवाजात खरोखरचे आश्चर्य होते. सकाळपासून तो याच कोड्यात असावा की चांगली चालती गाडी बंद का पडली. अंमलदाराने लिहिणे थांबवले. शेठनी मेहुण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पुन्हा मेहुण्याकडे.

"डिझेलचा वास सहन होत नाही," मी म्हणालो, "मग काटा कुठून पाहिलात?"

पुढे फार वेळ लागला नाही. कॅम्परमधले सामान त्याने मुरबाडच्या एका साऊंडवाल्याला विकले होते. साऊंडवाल्याला वाटले शेठच जुने सामान काढतायत. ते सहज पचले म्हणून मेहुण्याची हाव वाढली, आणि घाटापलीकडे ट्रकला गिऱ्हाईकही मिळाले. शेठच्या घरी पंचांसमोर त्याने आपल्या बॅगेतून जादा चाव्या काढून दिल्या. चावीच्या खाचेत वाळलेले कुंकू होते. बाईंनी ते पाहिले आणि भावाकडे न बघता म्हणाल्या, "ह्ये मीच लावलंय."

शेठ मला बाजूला घेऊन गेले. "साहेब, मिटवून टाका ना. घरातलं घरात. मी तक्रार मागं घेतो."

सकाळी याच माणसाला ड्रायव्हरच्या हातात बेड्या हव्या होत्या. मी सांगितले की गुन्हा दाखल झाला आहे, अटक झाली आहे, आता जे बोलायचे ते कोर्टात बोला. ट्रक मात्र कोर्टाच्या परवानगीने संध्याकाळपूर्वी त्यांच्या ताब्यात मिळाला. त्यासाठी मी आणि माझ्या अंमलदारांनी किती धावपळ केली ते वेगळेच. लग्नघरचे फोनवर फोन येत होते.

आता ट्रक चालवायला माणूस हवा होता. शेठ बाकाजवळ गेले. "चल रे, काढ गाडी. उशीर झालाय."

ड्रायव्हर हलला नाही. "जिथं चोर बोल्लात, तिथं येऊन सांगा."

"आरं, सांगतो की इथंच. साहेबांसमोर सांगतो."

"साहेबांना ठाव हाय. पाड्याला नाय."

"सगळ्यांसमोर? लोक काय म्हणतील मला?"

मला राहवले नाही. "सकाळी घर उचकलेत तेव्हा लोक नव्हते का?"

शेवटी शेठ कॅम्पर घेऊन निघाले. मागे आमची जीप, तीत ड्रायव्हर. पाड्यावर उजेड होता तोवर पोहोचलो. माणसे जमली. शेठनी कॅम्परमध्ये बसूनच काच खाली केली आणि म्हणाले, "ह्यानं काय केलेलं नाय. गैरसमज झाला."

ड्रायव्हरची आई पुढे आली. वाकलेली, पण आवाज खणखणीत. "शेठ, उतरा की. सकाळी तं चुलीपर्यंत आला व्हतात."

कोणीतरी फिसकन हसले. शेठ उतरले. चुलीपाशी गेले नाहीत, पण ओटीपर्यंत गेले आणि पुन्हा बोलले. या वेळी त्यांनी नीट नाव घेतले, आणि चोर माझ्याच घरातला निघाला हेही सांगितले. म्हातारीने त्यांना पाणी दिले.

ड्रायव्हर ट्रक घेऊन लग्नाला गेला. "लग्नघरानं माझं काय वाकडं केलंय?" एवढेच म्हणाला. मंडप उभा केला, लग्नानंतर उतरवला, बांबू गोदामात लावले आणि चावी बाईंच्या हातात देऊन निघून गेला. पगार वाढवतो म्हणून शेठ दोनदा पाड्यावर जाऊन आले. तो आला नाही. त्याला खर्डीतच वीटभट्टीवाल्याने गाडी दिली. पाड्यासमोर सांगितले गेले नसते तर ती मिळाली नसती, हे त्याने मला स्वतः सांगितले.

निवृत्तीनंतर लोक मला गाडीच्या कुलपांबद्दल विचारतात आणि मी सांगतोही. पण या प्रकरणापासून एक गोष्ट आधी विचारतो, चावी पगारावर कोणाकडे आहे आणि नात्यावर कोणाकडे. पगारावरच्या माणसाला आपण रोज तपासतो आणि नात्यातल्या माणसाला कधीच नाही. शेठना मी ट्रक एका दिवसात परत मिळवून दिला. ड्रायव्हर परत मिळवून द्या म्हणून ते पुढे दोनदा ठाण्यात आले होते. ती तक्रार कुठे नोंदवून घ्यायची, हे मला आजही ठाऊक नाही.