अंधकूपातला चोर

॥ श्रीगजाननाय नमः ॥

जिच्या काठी माझा सारा जन्म गेला त्या गोदामाईला, आणि ज्यांनी माझ्या जिभेला वळण लावले त्या गुरुचरणांना वंदन करून ही हकीकत लिहावयास घेतो. निमित्त असे, की ‘बैठे खेळ – कोणता, कसा आणि का आवडतो’ या विषयावर आपल्या मासिकाने वाचकांकडून पत्रे मागविली आहेत. गेल्या दोन अंकांतील पत्रे मी वाचली. कोणी बुद्धिबळाचा कैवार घेतो, कोणी सारीपाटाचा. मी ज्या खेळाविषयी लिहिणार आहे तो बहुतेक वाचकांनी पाहिलाही नसेल. त्यातील माझी आवडनिवड सांगायची तर एक गोष्ट सांगणे भाग पडते... आणि ती मला आजतागायत उलगडलेली नाही.

आरंभीच स्पष्ट करतो. देव मानणारा माणूस भुतेही मानत असणार, असे लोक गृहीत धरतात. मी मानीत नाही. त्रिकाळ संध्या करणाऱ्याने मुंजा-हडळीला भ्यावे कशाला? अंगात येणे, करणी, उतारा – या साऱ्याची मी उभ्या जन्मात टरच उडवीत आलो. पुढील मजकूर हे ध्यानात ठेवून वाचावा.

मी पुणतांब्याचा. दिगंबरशास्त्री – माझा दिगू – आणि मी एकाच पाठशाळेत, एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकलो. पावसाळ्यात पाठ लवकर संपे, तेव्हा गुरुजी एक कापडी पट पसरीत. त्यावर रंगांनी काढलेला एक कल्पित प्रदेश होता. अरण्य, राक्षसाची गुहा, नागलोक, बोलणारा पर्वत, सर्वांत वर सुवर्णनगरी. आणि मधोमध एक काळे घर – अंधकूप. खेळणाऱ्याने एक सोंग घ्यायचे. कोणी राजपुत्र, कोणी वैद्य, कोणी यात्रेकरू, कोणी चोर. त्या सोंगाची लाकडी सोंगटी घेऊन, सहा कवड्यांच्या दानाप्रमाणे प्रवास करीत नगरीला पोहोचायचे. पाठशाळा सुटली तेव्हा गुरुजींनी तो पट आम्हा दोघांना मिळून दिला. नंतर जवळजवळ चाळीस वर्षे, दुपारच्या जेवणानंतर घाटावरच्या देवळाच्या ओवरीत तो आम्ही मांडीत होतो.

हा खेळ खेळण्याच्या दोन रीती होत्या. एकीला आम्ही ‘दानाचा खेळ’ म्हणत असू. कवड्या पडतील ते अंतिम. राक्षसासमोर उभे असताना दोन पडले, तर दोन. रडायचे नाही, वाद घालायचा नाही. दुसरी रीत ‘बोलाचा खेळ’. तीत दान अनुकूल पडले नाही, तरी खेळणाऱ्याने आपले सोंग काय करील ते बोलून दाखवायचे. आणि समोरच्याला ते पटले, तर वाट मोकळी करून द्यायची.

मी दानाच्या रीतीचा. मी नेहमी यात्रेकरू होत असे. कवड्यांपुढे राजा आणि भिकारी सारखेच, यात मला एक पावित्र्य वाटे. दिगूला बोलाची रीत प्रिय होती आणि तो नेहमी चोर होई. “विन्या, तुझा यात्रेकरू वाट असेल तिथूनच जातो,” तो म्हणे. “माझ्या चोराला भिंतीतूनही वाट सापडते. खरं सांग, गंमत कुणाला जास्त?”

“गंमत चोराला,” मी म्हणे. “नगरी यात्रेकरूला.”

शेवटी तडजोड म्हणून एक दिवस दान, एक दिवस बोल, असे आम्ही ठरवले होते. आम्हांला एकच प्रेक्षक असे – किसन. तो घाटालगतचा शेतकरी. ही गोष्ट घडली त्या दुष्काळी वर्षी त्याचे बैल चारा-छावणीत होते, विहिरीने तळ गाठला होता, म्हणून दुपारभर तो ओवरीच्या खांबाला टेकून बसे.

आता भांडणाचे मूळ सांगितले पाहिजे. दिगूचा मुलगा माधव राहुरीस शिक्षक. त्याने मिरजगावकडच्या एका शेतकरी मराठा घरातील सुशीला नावाच्या मुलीशी विवाह ठरवला. दिगूने मला मंगलाष्टके म्हणावयास बोलाविले. मी नाही म्हणालो. शास्त्राधार नाही, असे म्हणालो. लग्नाला गेलोच नाही. दिगू दुसऱ्या आठवड्यात पूर्ववत पट घेऊन आला. मला वाटले, विषय संपला.

त्यानंतर वर्षभराने, एके दुपारी, दिगूचा चोर अंधकूपात पडला. दिवस दानाचा होता. अंधकूपातून निघावयास नेमके पाचाचे दान लागते.

“माझ्या चोराच्या कमरेला दोर आहे,” दिगू म्हणाला. “काठाला गाठ मारतो आणि चढतो.”

“आज बोल नाही.”

“अरे, एवढा एकदा.”

“व्हय की वं शास्त्रीबुवा,” किसन खांबापासून म्हणाला. “बिगर दोराचा चोर कुनी बघितलाय का? उगं अडवून धरताय.”

“किसन, तू गप्प. पाच पडू दे, मग चढ म्हणावं.”

दिगूने कवड्या खाली ठेवल्या. “तुझं आयुष्यभर असंच रे. समोरचा बुडाला तरी चालेल, तू हात पुढे करायचा नाहीस. माझ्या सुनेला तू त्याच विहिरीत ठेवलंस.”

मी पट गोळा केला. आमच्या खेळाचा एक दंडक होता. पटाची घडी करण्यापूर्वी सगळी सोंगे मूळ घरी आणायची. अंधकूपात सोंगटी असताना तर पट मिटायचाच नाही. डाव अपुरा राहिला तर पट पसरलेला ठेवायचा, वर पंचा झाकायचा. चाळीस वर्षांत हे कधी मोडले नव्हते. त्या दिवशी मी चोरासकट घडी केली आणि सुतळीने आवळली. दिगू पाहत होता. “आत राहिला रे तो,” इतकेच म्हणाला.

त्याच महिन्यात तो मुलाकडे राहुरीस राहावयास गेला. मी अडविले नाही.

पाच महिन्यांनी एक पोस्टकार्ड आले. अक्षर अनोळखी, खाली सही – सुशीला. “मामंजी अंथरुणावर आहेत. अन्न सुटले आहे, गिळवत नाही. सारखे म्हणतात, विहिरीत आहे, अंधार आहे. आमच्या घराजवळ विहीर नाही. तुमचे नाव घेतात म्हणून न विचारता लिहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने राहुरी गाठली. दार माधवने उघडले. तो उंबऱ्यातून हलला नाही.

“काका, आत येऊ नका.”

“माधवा, मला फक्त त्याला पाहायचे आहे.”

“माझ्या लग्नाच्या मांडवात तुमच्यासाठी पाट मांडून ठेवला होता बाबांनी. शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाही त्यावर.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. “आज तुम्हाला शास्त्रात कुठं सापडलं या घरी यायचं?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, नंतर तोही थांबला. मी परतलो. पटाविषयी, डावाविषयी मी तेथे एक अक्षर बोललो नव्हतो. बोलावयास वेळच मिळाला नाही.

घरी येऊन सुतळी सोडली. पट पसरला आणि चोराला अंधकूपात, त्याच्या जागी ठेवले. गुरुजींची एक अनुज्ञा होती – खेळणारा आजारी वा परगावी असेल, तर सोबत्याने त्याच्यासाठी माध्यान्ह संध्येनंतर रोज एकच दान टाकावे. पडेल ते मानावे. दिगू आणि माझ्यात जे काही उरले होते, ते त्या काळ्या घरात अडकले आहे असे मला वाटले. पाच पडले की तो सुटेल. सुटला, की मी पुन्हा राहुरीस जाईन. माधवने दार लावले, तर दाराबाहेर बसेन. असा माझा संकल्प होता.

पहिल्या दिवशी तीन कवड्या उताण्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी चार.

“चारला काढा की,” किसन म्हणाला. तो आता रोज येऊन बसू लागला होता. “एकाचा तर फरक हाय. एका कवडीपायी मानूस सडवायचा?”

“पाच म्हणजे पाच.”

“कोन बघतंय इथं?”

“मी बघतो आहे.”

“मग तुमीच डोळं मिटा,” तो म्हणाला. तो हसला नाही, मीही नाही.

चौथ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी सहाही कवड्या पालथ्या पडल्या, शून्य. चाळीस वर्षांत असे दान मी मोजक्याच वेळा पाहिले होते. हात चोराच्या सोंगटीपर्यंत गेला, हेही लिहितो... आणि परत आला. खोटे दान देऊन मित्राला सोडविले, तर तो सुटला असे कसे म्हणावे? तेव्हा मला हा प्रश्न फार मोठा वाटला होता. सहाव्या दिवशी तीन. सातव्या दिवशी एक.

आठव्या दिवशी सकाळी, संध्येपूर्वीच, तार आली. दिगू पहाटे गेला.

तेराव्याला मी गेलो. या वेळी माधवने अडविले नाही. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. जेवणे झाल्यावर सुशीला मागच्या पडवीत आली. त्या मुलीला मी प्रथमच समोरून पाहत होतो.

“शास्त्रीकाका, एक विचारायचं होतं. मामंजींना आकडे कशाचे आठवत असतील?”

“कसले आकडे?”

“शेवटच्या आठवड्यात रोज दुपारी, साडेबाराच्या सुमाराला डोळे उघडायचे आणि एक आकडा सांगायचे. पाणी गिळवत नव्हतं ना, डॉक्टर म्हणाले होते घेतील तेवढं द्या. मला वाटलं, किती पळ्या पाणी ते सांगतायत. मग तेवढंच द्यायची. त्यांच्या संध्येच्या पळीनं.”

मी विचारले, “कोणते आकडे?”

“पहिल्यांदा तीन. तीन पळ्या घेतल्या त्यांनी. मग दोन, मग चार... चारच्या दिवशी मला लई बरं वाटलं होतं. मग परत दोन. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘आज सगळं पालथं.’ त्या दिवशी तोंडच उघडलं नाही. मी किती विनवलं. दात मिटून पडून राहिले. मग तीन, आणि शेवटच्या दिवशी एक. एकच पळी.”

हे आकडे मी कोणालाही लिहून कळविले नव्हते. किसन आठवडाभर गाव सोडून कोठे गेला नव्हता. पुणतांब्यापासून राहुरी पॅसेंजरने कितीतरी लांब. आणि दान मी माध्यान्ह संध्या आटोपून, साडेबाराच्याच सुमारास टाकीत होतो.

मी तिला सारे सांगितले. पट, चोर, अंधकूप, पाचाचे दान. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हणजे पाच पडायला पाहिजे होतं.”

“होय.”

“आणि तुम्ही सोंगटी हातानं उचलून बाहेर ठेवली असती तर?”

“तसा नियम नव्हता.”

तिने पदर सारखा केला. “शेवटच्या दिवशी पाणी घेतल्यावर ते म्हणाले होते, ‘विनू हात लावायचा नाही. त्याचा स्वभाव आहे. पण त्याच्यावर राग धरू नका.’ मला अर्थ लागला नव्हता. निरोप आहे म्हणून सांगितला.” मग जराशाने म्हणाली, “ह्यांना नाही जमणार राग सोडायला. मलाही इतक्यात नाही जमणार, खोटं कशाला बोलू?”

निघताना ती माझ्या पाया पडली नाही. ते योग्यच होते. तिला आशीर्वाद देण्याची वेळ होती तेव्हा मी घरी बसलो होतो.

गावी येऊन मी चोराची सोंगटी दोन बोटांनी उचलली आणि अंधकूपाच्या काठावर ठेवली. काही झाले नाही. लाकूड कापडावर ठेवल्याचा जेवढा आवाज व्हावा, तेवढा झाला.

माधव याला योगायोग म्हणतो, असे नंतर कानावर आले. असेल. किसन म्हणतो, मी दान टाकीत नव्हतो, दिगूच माझ्या हाताने पाणी मागत होता. मला हे पटत नाही. पण खोडूनही काढता येत नाही. मी शास्त्रे चाळली. विद्वानांना विचारले. एक-दोघांनी परकायाप्रवेशाचे दाखले दिले, ते मला या प्रसंगाला लागू वाटले नाहीत. माझ्या हातून पडलेल्या कवड्या आणि पंचवीस-तीस मैलांवरच्या एका कोरड्या घशाचा संबंध काय, याचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही.

मासिकाने विचारले आहे, कोणती रीत अधिक आवडते. खोटे लिहिणार नाही – मन अजूनही दानाच्याच रीतीकडे झुकते. साठी उलटलेल्या माणसाची आवड बदलत नाही. फक्त कवड्या मुठीत घेतल्या, की त्या किती उताण्या पडतील याच्याही आधी ‘किती पळ्या’ हा हिशेब मनात उभा राहतो. आणि मूठ उघडत नाही.

वाचकहो, आपल्या घरातील आजाऱ्याला मागेल तेवढे पाणी मिळो. आपल्या घरी नव्याने आलेल्या लेकीसुनांच्या माथ्यावर वडीलधाऱ्यांचा हात वेळेवर पडो, आणि तो ठेवण्यासाठी कोणाला नियम शोधावा न लागो. गोदामाई आपणा सर्वांचे, आपल्या मुलाबाळांचे, गुराढोरांचे कल्याण करो.

॥ शुभं भवतु ॥