सोनगीरचा पिवळा फ्लॉवर

खानदेशात जायचं ते थंडीत, असं मी या ब्लॉगवर अनेकदा लिहिलंय. यंदा मात्र मी सुनंदाअक्काच्या फोनमुळे गेले. अक्का माझी मावसबहीण, सोनगीरला दिलेली. तिच्या मळ्यातला फ्लॉवर पिवळा पडत होता आणि पाणी जास्त दिलं म्हणून घरात सगळे तिलाच बोल लावत होते. भाजीपाल्याच्या संकरित जाती तयार करणं हे माझं काम, म्हणून तिने बोलावलं.

पुण्याहून रेल्वेने जळगाव गाठलं. स्टेशनबाहेरच्या खानावळीत वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. स्वस्त आणि झणझणीत. पुढे एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळे. रस्ता आता रुंद झालाय, बायकांना तिकीट अर्धं आहे, पण खिडकीची काच लागेलच असं नाही. शाल जवळ ठेवा. धुळ्याहून सोनगीर महामार्गावरच आहे. तुम्ही गेलात तर किल्ला चढा, तांब्या-पितळेची भांडी बघा. मी थेट मळ्यात गेले.

कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, खालची जुनी मात्र हिरवी. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. शेजारच्या वाफ्यात दुसऱ्या जातीचा फ्लॉवर होता. तेच पाणी, तेच खत, आणि तो हिरवागार. पिवळ्यातल्या एका गड्ड्याला अवेळी फुलं आली होती. एक फूल बोटावर घासलं. परागाचा कण नव्हता.

मला संशय आला तो असा. संकरित बियाणं करायला नरवंध्य झाड लागतं, म्हणजे ज्याच्या फुलात पराग धरत नाही असं. तो गुण मुळ्याच्या पेशीतून फ्लॉवरमध्ये आणला गेला. पण त्या पेशीबरोबर मुळ्याचे हरितकण, म्हणजे पानाला हिरवा रंग देणारे कणही आले. त्यांचं फ्लॉवरच्या जनुकांशी जमत नाही आणि थंडी पडली की नवी पानं पिवळी पडतात. हा दोष माहीत होऊन कैक वर्षं झाली. हरितकण बदलून तो काढूनही टाकलाय. तरी कुणीतरी जुनाच वाण विकत होतं, आणि दोषी कोण, तर पाणी देणारी बाई.

अक्काचे सासरे, आबा, जेवताना शांतपणे म्हणाले की पीक मोडायचं ठरलंय आणि मळा पुढच्या वर्षी दुसऱ्याला बटाईने, पिकातल्या वाट्यावर कसायला द्यायचा. अक्का ताटाकडे बघत बसली. सकाळी दुकानात जाऊन विचारू, असं मी तिला म्हटलं.

सकाळी आम्ही दोघी धुळ्याला, अक्काने बियाणं घेतलं होतं त्या दुकानात गेलो. दुकानदाराने चहा मागवला आणि ताईंनी पाणी जास्त दिलं, असंच सांगितलं. मी कोवळ्या पानांचं विचारलं, बिनपरागाच्या फुलाचं विचारलं. तो वैतागला.

"अहो मॅडम, थंडी ओसरली की आपोआप हिरवं होतं हे. दरवर्षीचं आहे."

अक्काने कप खाली ठेवला. "म्हणजे तुमले माहीत व्हतं? मंग माले कसाले बोल लावा?"

पिवळेपणावर उपाय म्हणून याच माणसाने तिला पुन्हा पुन्हा खताची पोती दिली होती. मी आवाज चढवला, गिऱ्हाइकं वळून बघू लागली. सोनगीरला येऊन आबांपुढे हेच सांगा म्हटलं, तर त्याला वेळ नव्हता. शेवटी अक्कानेच घरी जाऊन सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि पीक मोडायचं तेवढं थांबवलं. मळ्याचं नंतर बघू म्हणाले.

पुण्याला परतले तरी राग उतरला नव्हता. थंडी ओसरल्यावर अक्काचा फोन आला. पानं हिरवी झाली होती, गड्डे लहानच राहिले. आणि दुकानदार गावभर सांगत होता की त्याच्या खताचा गुण आला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"दुकानमा गऊ," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं व्हतात. बठ्ठासले सांगी दिधं." सगळ्यांसमोर तिने बियाण्याचा दोष सांगून टाकला होता.

मळा बटाईने जाणार का, ते मी विचारलं. आबा अजून ठरवतायत म्हणाली.