खोक्यावरचा हात

पंडरी बाजारातल्या दुकानदाराने उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठेवलेला तळहात काही केल्या उचलेना. मी आधार कार्ड दाखवलं, पक्कं बिल मागितलं, तरी त्याचं आपलं एकच, "काहून पाह्यजे?"

"इलेक्ट्रिशियन आहो मी! पॅनलमधला कोणता जोड तापून राहिला ते पाहाले!" मी ओरडलो. "याले लायसन लागते का?"

"नाही लागत. म्हणूनच तर विचारून राहिलो, भैया. मागच्या गिऱ्हाईकाले नाही विचारलं. तो असाच कॅमेरा घेऊन जंगलात गेला, अंधारात चितळ माराले."

मी अजून धुमसतच होतो. शेवटी त्याने हात काढला आणि चालवून दाखवायला काउंटरवरचा दुसरा कॅमेरा त्याच खोक्यावर धरला.

पडद्यावर त्याचा तळहात अजून तिथेच होता, पाचही बोटांसकट, लालभडक.