अक्कांची परात

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांइतका आवाज अख्ख्या बंगळुरूत कुणी करत नसेल, आणि हे मी इथले हॉर्न आणि इंदिरानगरमधली बारमाही खोदकामं जमेला धरून सांगते आहे. अक्का दार लावत नसत, आदळत. त्या चहात साखर ढवळायला लागल्या की वरच्या मजल्यावर मला वाटायचं, कुणाकडे तरी आरती सुरू झाली. मूळच्या बेळगावकडच्या, चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आलेल्या. मराठी, कन्नड आणि रिक्षावाल्यांपुरती हिंदी अशा तिन्ही भाषा त्या एकाच पट्टीत बोलत, वरच्या. भांडी घ्यायला इथल्या शिवाजीनगरलाच जात आणि भांडं पारखायची त्यांची रीत म्हणजे ते दुकानाच्या फरशीवर टाकून बघायचं. एकदा मी बरोबर होते. पाचवं ताट खणखणल्यावर दुकानदार हात जोडून म्हणाला, "अक्का, स्वल्प हळू." स्वल्प म्हणजे इथलं ‘जरा’. "का? आत कोण निजलंय?" अक्कांनी विचारलं. कुणीच निजलेलं नव्हतं. मग त्यांनी सहावं टाकून बघितलं आणि घेतलं मात्र पहिलंच.

मी अगदी उलट. पुण्याहून नोकरीसाठी नवऱ्याबरोबर इथे आले, तेव्हाच मी आवाज न करण्यात तरबेज झालेली होते. नवरा प्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचा. भांड्याच्या आवाजानं जाग आली की पुढचा अख्खा दिवस माझ्या नावानं शंख. म्हणून मी कडी बोटाचा आधार देऊन सरकवायची, शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायची आणि रविवारी मिक्सरला हातसुद्धा लावायची नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. अक्कांना सांगायची गरजच पडली नाही. एके दिवशी जिन्यात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंय. तीन वर्षं झाली, तुझ्या घरातनं एक वाटी पडलेली ऐकली नाही मी." मी हसून वेळ मारून नेली. त्या हसल्या नाहीत. "माझ्या घरात बी अठरा वर्षं पडली नव्हती. आमचे हे गेले तवा पडली पहिली. शनिवारी माझ्यासंगं होसकोटेला चल."

बंगळुरूबाहेर, होसकोट्याच्या पुढे एका आमराईत दोन दिवसांचं शिबिर होतं, दारुड्यांच्या घरातल्या बायकांसाठी. आम्ही पंधरा-सोळा जणी होतो. कुणाचा नवरा, कुणाचा बाप, एकीचा तर मुलगाच पिणारा. शिबिर घेणाऱ्या ताई फार गोड स्वभावाच्या आणि त्याहून गोड आवाजाच्या. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाल्या की सुरुवात आपण एक तासाच्या मौनानं करू. "मौन?" मागून अक्का कडाडल्या. "या बायांनी आणि काय केलंय गं आजवर?" एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. ताईंनी पुन्हा डोळे मिटायला सांगितले. आम्ही मिटतोय तोच आत एवढा मोठा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले. अक्कांनी घरून आणलेली पुरणाची रिकामी परात डोक्याइतक्या उंचीवरून सोडली होती. दारात येऊन त्या आमच्याकडे बघत राहिल्या. "परात हितं पडली," त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच हळू आवाजात, "आणि तुम्ही सगळ्या बाहेरच्या दाराकडं बघालाय." खरंच होतं. पंधरा-सोळा बायका, भाषा पाच, आणि मान सगळ्यांची एकाच बाजूला, जिकडून कुणीतरी चिडून येईल तिकडे.

मग अक्कांनी प्रत्येकीच्या हातात एकेक भांडं दिलं. एकीनं वाटी टाकली, दुसरीनं तांब्या, आणि मुलगा पिणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तर एक पातेलं तीनदा टाकलं. गोड ताई कानांवर हात ठेवून हसत होत्या. माझ्या हातात ताट होतं आणि ते सुटेना. सोडायला जायची आणि शेवटच्या क्षणी खाली पाय घालायची. दोनदा पायावर घेतलं. लाजेनं रडू आलं. माझा पाय माझा राहिलाच नव्हता, तो अजून नवऱ्याच्याच झोपेची राखण करत होता. अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. "पडू दे की," त्या म्हणाल्या. "हितं कोण निजलंय?" मी पाय मागे घेतला आणि ताट सोडलं. ते पडलं, काठावर फिरत राहिलं, आणि मी ते थांबेपर्यंत ऐकलं.

रविवारी संध्याकाळी घरी आले आणि दार लावलं, जसं सगळं जग लावतं तसं. नवरा सोफ्यावरून ओरडला, "आवाज कसला तो?" मी म्हटलं, "दाराचा. आता रोज येणार." आवाज रोज येत राहिला. महिनाभर भांडणं झाली, मग नवरा पुण्याला आईकडे गेला. तिथे तो सुधारतोय असं म्हणतात. सुधारला तर मला आनंदच आहे, पण माझ्या घरात मी पुन्हा चवड्यांवर चालणार नाही.

गेल्या वर्षी अक्का लेकीकडे धारवाडला राहायला गेल्या. खालच्या घरात आता एक फार सभ्य जोडपं आहे. त्यांची भांडी पडतात की नाही, याकडे माझा कान असतो. अक्कांची फार आठवण येते. आताशा त्यांना ऐकायला कमी येतं. दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन लावते, बोलण्याआधी फोन ओट्यावर ठेवते आणि त्यांनी जाताना दिलेली ती परात फरशीवर सोडते. "आलं का ऐकू, अक्का?" मी विचारते. "आलं," त्या म्हणतात. "पण आणखी स्वल्प जोरात."